डोलकाठी पुढे का झुकते

मराठा आरमाराची चित्रं काढणारे आपले बरेच चित्रकार एक गंमत करून ठेवतात. वर भगवा, मागे सिंधुदुर्गाचा तट, आणि पाण्यात चक्क युरोपियन धाटणीचं जहाज: मजल्यावर मजले, चौकोनी शिडांची उतरंड, मागे कोरीव सज्जा. दिसायला झोकदार, पण हे जहाज कोकणातल्या खाडीत घालायला गेलं तर मुखाशीच वाळूत रुतायचं.

कोकणातल्या जुन्या पेठा समुद्रावर नव्हत्या, खाडीत आत होत्या. सावित्रीतून महाड, वाशिष्ठीतून गोवळकोट, जैतापूरच्या खाडीतून राजापूर, वाघोटणातून खारेपाटण. मुखाशी वाळूचा दांडा, आत गाळ, आणि दिवसातून दोनदा भरती-ओहोटी. इथल्या तारवाला पाणी थोडं लागलं पाहिजे, ओहोटीला चिखलात बसण्याची वेळ आली तर बसता आलं पाहिजे आणि भरतीला तरंगून पुन्हा चालू पडता आलं पाहिजे. मचवा, पडाव, शिबाड, गलबत, फतेमारी यांच्या अंगावरच्या ज्या रेषा आपण सुंदर म्हणतो, त्या या अटींतून आल्या आहेत. नुसतं शोभेसाठी म्हणून फार थोडं केलेलं असे.

दुसरी अट वाऱ्याची. खारे वारे आणि मतलई वारे आपण भूगोलात परीक्षेपुरते शिकलो. तांडेलाचं, म्हणजे तारवाच्या म्होरक्याचं, मात्र सगळं वेळापत्रक त्यांवर चाले. पहाटेच्या मतलईवर खाडीबाहेर पडायचं, दुपारी खारा वारा सुटला की किनारा धरून पुढचं बंदर गाठायचं. असा वारा बहुधा बाजूने येतो आणि चौकोनी शीड मागून येणाऱ्या वाऱ्यावर खूश असतं. म्हणून इथे तिरकस शीड रुळलं. एक लांबलचक परबाण, म्हणजे शीड बांधायचं लाकूड, डोलकाठीला तिरपं टांगलेलं, त्याचं पुढचं टोक नाळेजवळ, म्हणजे तारवाच्या तोंडाशी, खाली आणि मागचं टोक डोलकाठीच्याही वर गेलेलं.

या शिडाची एक खोड आहे. वाऱ्याची बाजू बदलली की ते नुसतं इकडचं तिकडे ढकलून भागत नाही. आधी तारू वाऱ्याला पाठ देतं. मग परबाण जवळजवळ उभं करायचं, फडफडणारं शीड आवरायचं, परबाणाचं खालचं टोक डोलकाठीच्या पुढून पलीकडे न्यायचं, दामण, म्हणजे शिडाचा दोर, पुढून फिरवून दुसऱ्या अंगाला बांधायचं, की मग पुन्हा शीड भरणार. सगळे खलाशी एका दमात राबले तर हे जमतं, नाहीतर कुणाचं तरी डोकं फुटतं. आता डोलकाठी सरळ उभी असती तर परबाण तिला घासत, अडकत राहिलं असतं. म्हणून ती पुढे कललेली. त्या कलामुळे परबाण काठीपासून सुटं लोंबतं आणि पुढून फिरवायला जागा मिळते. लांबून पाहणाऱ्याला हा कल म्हणजे तारवाची ऐट वाटते. वाटू द्यावी, पण तिच्यामागे ही खटपट आहे.

माझं मन विचाराल तर सगळ्यांत देखणी फतेमारी. पुढे लांब झेपावलेली नाळ, दोन किंवा तीन डोलकाठ्या आणि तळाला एक नजरेआडची करामत: तिचा पठाण, म्हणजे तळाचा कणा, सरळ नसतो, मधे किंचित वर उचललेला असतो. त्यामुळे नाळेकडचा भाग पाण्यात खोल धरून राहतो आणि आडव्या वाऱ्याने तारू बाजूला सरकणं कमी होतं. मुंबईच्या मचव्यातही हीच युक्ती. या फतेमाऱ्यांतून मंगळुरी कौलं उत्तरेला आली. कोकणातल्या एखाद्या जुन्या घराचं कौल उलटून पाहा, छाप बहुधा मंगळूरचा निघेल.

गुराब, म्हणजे आरमाराची मोठी लढाऊ नौका, मला सुंदर वाटत नाही. तिच्यात गुर्मी आहे. पण ती कशी विचारपूर्वक बांधलेली होती, हे कंपनीच्या काळाचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने बारकाईने लिहून ठेवलंय. लांबीच्या मानाने रुंद, पाणी कमी लागणारी, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची. तीन काठ्यांची गुराब ३०० टनांपर्यंत. मधून पुढे निमुळती होत जाणारी, आणि टोकाला लांब सोंड. समोरून लाट आली की ही सोंड पाण्यात दणकन आपटे. म्हणून तिच्यावर कठडाच ठेवलेला नसे, आलेलं पाणी आलं तसं वाहून जाई. सोंडेच्या मागे आडवी भिंत, भिंतीला दोन झरोके, त्यांतून नऊ किंवा बारा पौंडी गोळ्यांच्या दोन तोफा थेट समोर रोखलेल्या. युरोपियन जहाजाची ताकद कुशीत. गुराब पाठलाग करता करता तोंडानेच मारा करी.

तिची जोडीदार गलबत. बहुधा ७० टनांच्या आतलं, एक भलंमोठं तिकोनी शीड, मागे नावापुरती दुसरी काठी, हलकेपणासाठी चिरलेल्या बांबूंची फळी आणि चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की इंग्रजांचं जहाज जागच्या जागी डुलत राही. गलबतं मात्र वल्ह्यांवर ताशी चार मैल जात, गुराबांना दोर लावून ओढत आणि शत्रूच्या पिछाडीला, जिथे त्याच्या तोफा कमी, तिथे नेऊन उभ्या करत. कान्होजी आंग्र्यांचा दरारा असा निवांत हवेतही टिकून होता. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गात कान्होजींचा मुलगा तुळाजी याचं आरमार इंग्रजांच्या भडिमारात पेटलं. आग लागली ती आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडूनच जिंकलेल्या एका जहाजाला, आणि तिथून ती गुराबांवर पसरली. पेशवा त्या वेळी इंग्रजांच्या बाजूने होता, हे आपण जरा हळू आवाजात सांगतो.

हे सगळं बांधणाऱ्या सुतारांची नावं मात्र कुणाला सांगता येत नाहीत. किल्ल्यांवर आपण शेल्फभर पुस्तकं लिहिली. तारवाच्या सुतारकीवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यांनी कागदावर काही उतरवलं नाही हेही त्याचं कारण. लांबीवरून रुंदी, रुंदीवरून खोली अशी मापं तोंडी चालत आलेली, बाकी नजर. फासळ्यांसाठी मुळातच वाकडं वाढलेलं लाकूड हुडकायचं, कापून वाकडं केलेलं नव्हे, म्हणजे त्याचे तंतू तुटत नाहीत.

कागदाशिवाय ज्यांचं अडे, त्यांची एक गोष्ट. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत मलबारी सागाची जहाजं बांधली. ब्रिटिश आरमाराने इथे ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका बांधायचं ठरवलं. तिचे नकाशे घेऊन निघालेलं ‘जावा’ हे जहाज १८१२च्या डिसेंबरात अमेरिकनांच्या हाती लागून नष्ट झालं. मग दुसरे नकाशे येईपर्यंत थांबणं आलं. १८१७ साली जमशेटजी बमनजी वाडियांच्या देखरेखीखाली ती पाण्यात उतरली, आणि आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून तरंगते आहे. आराखडा त्यांचा, साग आणि हात इथले.

त्याच्याही मागे गेलं तर हाती राहतात ती चित्रं आणि दगड. बोरिवलीजवळ एकसरच्या वीरगळांवर उंच नाळेची, वल्ह्यांच्या रांगांची लढाऊ जहाजं कोरली आहेत. त्यांचा संबंध शिलाहार-यादवांच्या आरमारी लढाईशी जोडला जातो. अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचं जहाज आहे, उभट चौकोनी शिडांचं, नाळेवर डोळा रंगवलेलं. त्या चित्रावरून गोव्यात ‘कौंडिण्य’ हे जहाज बांधलं गेलं. केरळच्या बाबू शंकरन यांच्या कारागिरांनी फळ्या खिळे न मारता काथ्याच्या दोरीने शिवल्या; जहाज पाण्यात कसं वागेल याच्या चाचण्या आयआयटी मद्रासमध्ये झाल्या. मे २०२५ मध्ये ते कारवारला नौदलात दाखल झालं आणि डिसेंबरात इंजिनाविना पोरबंदरहून मस्कतला निघालं, जानेवारीत पोहोचलंही. भिंतीवरच्या वीतभर चित्रातून पाण्यात टिकणारं जहाज काढणं सोपं नव्हे. तरी मला वाटतं, पाचव्या शतकातल्या या जहाजासाठी एवढी उमेद दाखवणाऱ्यांनी परवापरवापर्यंत चालत असलेल्या फतेमारीकडेही बघायला हवं होतं.

फतेमारी इंजिनाने संपवली. पंखा बसवायला मागचा भाग भरीव झाला, शीड मदतनीस म्हणून उरलं आणि मग तेही गेलं. पुढे कललेल्या डोलकाठीला काही कारणच राहिलं नाही. सातपाटी-वसईकडच्या काही लाकडी होड्यांच्या नाळेत जुनी रेषा अजून ओळखू येते, पण फायबरपुढे त्याही हटताहेत.

एडमों पारी नावाच्या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने मात्र आशियातल्या बंदरांतून फिरताना तिथली तारवं मोजून घेतली, आणि १८४० च्या दशकात आलेल्या त्याच्या ग्रंथात फतेमारीचाही आराखडा छापला. उद्या रत्नागिरीत कुणाला फतेमारी पुन्हा बांधायची लहर आली, तर त्याला फ्रेंच वाचू शकणारा कुणीतरी आधी शोधावा लागेल.