तांडा तोच, यादी वेगळी

गैरसमज : सामाजिक न्यायाची कल्पना देशागणिक बदलते, पण एका देशात ती एकच असते.

वस्तुस्थिती : हिंगोली जिल्ह्यातल्या तांड्यावरच विचारा. इथला बंजारा राज्याच्या यादीत विमुक्त जाती (अ) मध्ये येतो, केंद्राच्या नोकरीला अर्ज केला की इतर मागासवर्गात. त्याचे सोयरे तेलंगणात असतील तर ते अनुसूचित जमातीत आणि कर्नाटकात असतील तर अनुसूचित जातीत. मराठवाडा, तेलंगणा आणि कलबुर्गी-बिदरचा भाग 1948 पर्यंत निजामाकडेच होता. 1956 मध्ये हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. पुढे 1976 च्या कायद्याने तेलंगणातले लंबाडे, म्हणजे तिथले बंजारा, अनुसूचित जमातीत गेले, इकडचे राहिले. सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात निजामकाळातल्या हैदराबाद गॅझेटचा हवाला देत अनुसूचित जमातीत घ्या म्हणून बंजारा मोर्चे निघाले, ते याच कारणाने. आदिवासी संघटनांचा या मागणीला विरोध आहे, आणि त्यांची भीतीही पोकळ नाही : यादीत माणसं वाढतील, जागा तेवढ्याच राहतील.

गैरसमज : आरक्षण फक्त भारतात आहे.

वस्तुस्थिती : ब्राझीलमध्ये 2012 च्या कायद्याने केंद्रीय विद्यापीठांतल्या निम्म्या जागा सरकारी शाळांत शिकलेल्यांना राखून ठेवल्या, त्यातच कमी उत्पन्नाचा आणि वर्णाचा वाटा. फरक पुराव्यात आहे. आपल्याकडे विमुक्त जातीच्या दाखल्याला 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, म्हणजे पोरगं आजोबांच्या शाळेचं रजिस्टर शोधत फिरतं. तांडा फिरता असेल तर रजिस्टर कुठलं? ब्राझीलमध्ये उमेदवार स्वतःचा वर्ण स्वतः सांगतो. पडताळणी समिती आजोबा विचारत नाही, चेहरामोहरा पाहते. मलेशियात तर सवलती बहुसंख्य मलय समाजालाही आहेत.

गैरसमज : आरक्षण दहाच वर्षांसाठी होतं, ते दर वेळी वाढवलं जातं.

वस्तुस्थिती : दहा वर्षांची मुदत कलम 334 मध्ये आहे आणि ती फक्त लोकसभा-विधानसभेच्या राखीव जागांची. सध्या ती 2030 पर्यंत आहे. मुदतीची भाषा झाली ती अमेरिकेत. तिथे विद्यापीठ प्रवेशातला राखीव कोटा 1978 मध्येच बेकायदा ठरला. प्रवेशात वर्ण विचारात घ्यायची मुभा मात्र राहिली. 25 वर्षांनी तिची गरज उरू नये, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये म्हटलं आणि 2023 मध्येच ती मोडीत काढली. आपल्या घटनेत नोकरी आणि शिक्षणातल्या आरक्षणाला मुदतच घातलेली नाही. वाद जरूर घाला, पण कलम 334 नोकऱ्यांना चिकटवू नका.