घर मोठे की हॉटेल?

पणजीच्या फोंताइन्हासमध्ये बुटीक हॉटेल शोधणारे आधी फोटो पाहतात. पिवळी-निळी भिंत, नक्षीदार कठडा, दाराशी अझुलेजूची फरशी दिसली की खोली ठरते. पण रंग काय, सिमेंटच्या नव्या इमारतीलाही तितकाच खुलतो. हॉटेलासाठी घराला किती वाकवले आणि घरासाठी हॉटेलाने किती गैरसोय सोसली, हे खरे पाहायला हवे. आल्तिन्योची टेकडी आणि ओरेंची खाडी यांच्यामधल्या या चिंचोळ्या पट्टीत एके काळी माडांची बाग होती. मोझांबिकहून श्रीमंत होऊन परतलेल्या एका गोंयकाराने अठराव्या शतकाच्या अखेरीस ही वस्ती वसवली, असे सांगतात. १८१८ मध्ये सेंट सेबॅस्टियनचे चॅपेल उभे राहिले, १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली आणि नोकरदारांची वस्ती दाटली. घराला घर लागून, गल्लीत जेमतेम एक गाडी जाईल एवढी जागा. इथे पोहण्याचा तलाव आणि ऐसपैस पार्किंग देऊ करणाऱ्याने ती जागा कुठून काढली, हे आधी विचारावे.

भिंती जांभ्याच्या, त्यावर चुन्याचा गिलावा. गोव्याच्या पावसात जांभा पाणी पितो आणि उघडीप मिळाली की चुन्यातून ते बाहेर टाकतो. वरून सिमेंट थापले की ओल आतच कोंडते आणि दोन-तीन पावसाळ्यांत रंगाला फुगे येतात. खिडक्यांचेही तसेच. लाकडी पट्ट्यांच्या चौकटीत शिंपल्याचे पातळ चौकोनी तुकडे बसवलेले असतात. त्यातून दुधाळ उजेड येतो, डोळ्यांवर ऊन येत नाही. एसीसाठी मागून काच ठोकून ती खिडकी कायमची बंद केली की ती नुसती शोभेची उरते.

हॉटेले नसती तर ही घरे कोसळली असती, असे म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या वारसा कायद्यामुळे आईवडिलांना निम्म्याहून अधिक मालमत्ता मर्जीने कुणा एकाला देता येत नाही. पिढ्या वाढतात, वारस लिस्बनपासून मुंबईपर्यंत पांगतात, सह्या जुळत नाहीत आणि कौले गळू लागतात. अशा घराला भाडे मिळवून देणारा व्यवसाय हे औषधच. पण औषधालाही मात्रा असते. शेजारची सगळी घरे खोल्याच झाली, तर पाहुणा कुणाच्या शेजारी राहायला येणार? दारात चाललेल्या फोटोशूटांना इथले रहिवासी आधीच कंटाळले आहेत. म्हणून मालक वा कुटुंबातले कुणी त्याच घरात राहत असेल, तर माझे मत त्या हॉटेलाकडे झुकते. रात्री गच्चीवर डीजे लावला तर झोप त्यांचीही उडते.

गुडघे दुखणाऱ्यांनी लाकडी जिन्याचे कौतुक का करावे, हा आक्षेप रास्त आहे. त्यांनी तळमजल्याची खोली मागावी. लिफ्टसाठी घराचा मधला चौक फोडायला लावू नये. आणि आरक्षण करताना एक प्रश्न जरूर विचारावा: जुलैत कोणती खोली देत नाही? जुन्या घरात ओल धरणारी एखादी खोली असतेच. जो मालक ती कोणती हे सांगतो आणि पावसात बंद ठेवतो, त्याच्याकडे बाकीच्या खोल्या बिनघोर घ्याव्यात.