साठवणीच्या पाण्यातील शेवाळ : कारणे व उपाय

देवगड तालुक्यातील कुणकेश्वर परिसरात पाऊस विपुल पडतो. परंतु जांभ्या कातळावर पाणी टिकत नाही. त्यामुळे हापूसची नवी कलमे पहिली काही वर्षे उन्हाळ्यात जगविण्यासाठी बागायतदारांस हौद, टाकी किंवा अस्तर घातलेले शेततळे यांवर अवलंबून राहावे लागते. हेच पाणी हिरवे पडले की ठिबकची छिद्रे बुजतात व ऐन उन्हाळ्यात कलमे तहानलेली राहतात.

शेवाळ ही सूक्ष्म वनस्पती होय. ऊन, साचलेले ऊबदार पाणी आणि नत्र व स्फुरद ही अन्नद्रव्ये मिळाली म्हणजे ती झपाट्याने वाढते. पावसाळ्याच्या प्रारंभी बागेस दिलेले शेणखत व खते पाण्याबरोबर वाहून हौदात आली, पालापाचोळा आत कुजला किंवा जनावरे पाण्यात शिरली, तर हे अन्न तिला आयतेच मिळते.

म्हणून प्रतिबंध हाच पहिला उपाय समजावा. हौदाचा काठ जमिनीपेक्षा उंच ठेवावा व बागेतील ओघळ बाहेरून वळवावा. हौदावर बांबूचा सांगाडा करून झावळांचे झाप किंवा शेडनेट घालावे. ऊन अडले की शेवाळाची वाढ मंदावते आणि बाष्पीभवनही कमी होते. वर्षातून एकदा हौद रिकामा करून तळाचा गाळ काढावा व भिंती खराट्याने घासाव्यात. अस्तर असल्यास मऊ कुंचा वापरावा.

शेवाळ आलेच, तर औषधापूर्वी ते जाळीने काढून टाकावे. काढलेले शेवाळ काठावर न ठेवता खताच्या खड्ड्यात टाकावे. त्यानंतर गरज भासल्यास मोरचूद वापरावे. साधारण मात्रा १००० लिटर पाण्यास १ ग्रॅम अशी आहे. ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद व १.५ मीटर खोल पाणी असलेल्या हौदात ३० घनमीटर, म्हणजे ३०,००० लिटर पाणी असते. त्यास ३० ग्रॅम मोरचूद पुरते. ते लोखंडी भांड्यात न विरघळविता मातीच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यात विरघळवावे व स्वच्छ उन्हाच्या सकाळी पाण्यावर सर्वत्र शिंपडावे.

येथे सावधगिरी आवश्यक आहे. क्षार कमी असलेल्या मृदू पाण्यात मोरचूद माशांस अधिक घातक ठरते. म्हणून मासे असलेल्या तळ्यात किंवा पिण्याच्या पाण्यात ते टाकू नये. अंदाजाने मूठभर टाकणे तर सर्वथा टाळावे. एकाच वेळी पुष्कळ शेवाळ मेले, तर ते कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो व सुटलेल्या अन्नद्रव्यांवर नवे शेवाळ पोसले जाते. पाण्यावर निळसर हिरवी, रंगासारखी साय दिसल्यास जनावरांस ते पाणी पाजू नये. अशा शेवाळाच्या काही जाती विषारी असतात.

ठिबकसाठी पाणी घेताना नळीचे तोंड तळाशी किंवा पृष्ठभागाशी न ठेवता मध्ये ठेवावे. वाळूची गाळणी नियमित उलट प्रवाहाने धुवावी व नळ्यांची टोके उघडून त्या साफ कराव्यात.

घरालगत पोहण्याचा हौद असल्यास निराळी पद्धत अवलंबावी. तेथे पाण्याचा सामू ७.२ ते ७.८ व मोकळा क्लोरीन लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम राखावा, पाणी रोज गाळणीतून फिरवावे आणि भिंती घासाव्यात. उन्हाने क्लोरीन नाहीसा होतो. म्हणून तो सायंकाळी, पोहणारे बाहेर आल्यावर घालावा. ब्लिचिंग पावडर आम्लात किंवा खतांत कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळा संपताच आपल्या गावातील हौद पाहून बागायतदारांस पाण्याचे माप काढून द्यावे. माप ठाऊक असले म्हणजे मात्रा चुकत नाही आणि उन्हाळ्यासाठी राखलेले पाणी वाया जात नाही.