डॉलरचा भाव कुठे ठरतो?

निफाडच्या द्राक्षांचा कंटेनर न्हावा शेव्याहून रॉटरडॅमच्या वाटेला लागतो, तेव्हा निर्यातदाराचं बिल युरोत असतं आणि खर्च सगळा रुपयांत झालेला असतो. औषधं, मजुरी, पॅकिंग, शीतगृहाचं भाडं, कर्जाचा हप्ता, सगळं. पैसे हाती यायला काही आठवडे जातात. समजा बिल ५० हजार युरोंचं आहे. तेवढ्या अवधीत युरो दोन रुपयांनी उतरला, तर एक लाख रुपये गेले. मालात खोट नाही, गिऱ्हाईक बुडवं नाही, तरी गेले.

त्यातली गंमत अशी की, त्याला बँक जो युरोचा भाव देते, तो मुंबईत युरोच्या खरेदी-विक्रीतून ठरतच नाही. मुंबईच्या बाजारात खरी मोठी उलाढाल डॉलर-रुपयाची. बँक युरो-डॉलरचा भाव जगाच्या बाजारातून उचलते, डॉलर-रुपयाचा मुंबईतून, आणि दोहोंचा गुणाकार करते. युरो १.१० डॉलरला आणि डॉलर ८८ रुपयांना असेल, तर युरो झाला ९६ रुपये ८० पैसे. त्यातून काही पैसे बँकेचे. द्राक्षं नाशिकची, खाणारे डच किंवा जर्मन, आणि हिशेब मात्र डॉलरमार्गे. जगभर हेच चालतं. बाझलमधली ‘बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स’ दर तीन वर्षांनी चलन बाजाराची मोजदाद करते. २०२५च्या मोजणीत रोजची उलाढाल सुमारे ९.६ लाख कोटी डॉलर निघाली आणि शंभरातल्या जवळजवळ ८९ सौद्यांत एका बाजूला डॉलर होता. रुपयाचा वाटा दोन टक्क्यांनाही पोचत नाही.

शेअर बाजाराला इमारत आहे, घंटा आहे, निर्देशांक आहे. चलन बाजाराला यातलं काहीच नाही. तो म्हणजे बँकांच्या डीलिंग रूममधले पडदे, फोन आणि त्यांना जोडणाऱ्या यंत्रणा. सकाळी नऊला मुंबईत बँका एकमेकींना भाव विचारू लागतात आणि दुपारी साडेतीनपर्यंत हे चालतं. डीलर भाव सांगतो तो नेहमी जोडीने: या भावाने घेईन, त्या भावाने देईन. दोहोंतलं अंतर कित्येकदा पाव पैशाचं असतं. पाव पैसा म्हणजे थट्टाच वाटते, पण दहा लाख डॉलरच्या एका सौद्यावर ते अडीच हजार रुपये होतात, आणि असे सौदे दिवसभर सुरू असतात. परदेशी निघालेला प्रवासी विमानतळावर नोटा घेताना जो भाव मोजतो, त्याचं या भावाशी नातं वाशीच्या मार्केटातल्या कांद्याचं गल्लीतल्या हातगाडीवरच्या कांद्याशी असतं तेवढंच.

मग वर्तमानपत्रात छापून येतो तो ‘डॉलरचा भाव’ कोणता? संदर्भ दर म्हणून जो जाहीर होतो, तो पूर्वी रिझर्व्ह बँक काही बँकांना विचारून काढत असे. जुलै २०१८पासून हे काम ‘फायनान्शिअल बेंचमार्क्स इंडिया’ ही कंपनी करते. सकाळी साडेअकरा ते साडेबारा या तासातली कुठली तरी पंधरा मिनिटं निवडून त्यातल्या प्रत्यक्ष सौद्यांवरून तो काढला जातो. कुठली पंधरा मिनिटं, हे आधी कुणालाच कळत नाही. हा लपंडाव फुकाचा नाही. लंडनमध्ये रोज दुपारी चारला असाच एक दर काढला जाई आणि त्यासाठीची वेळ सगळ्यांना ठाऊक होती: अवघं एक मिनिट. बड्या बँकांचे डीलर चॅट रूममध्ये आपापल्या गिऱ्हाइकांच्या मागण्या एकमेकांना सांगून त्या मिनिटात भाव हवा तिकडे ढकलत होते. त्यांच्या एका टोळक्याने स्वतःला ‘द कार्टेल’ असं नावही दिलं होतं! नोव्हेंबर २०१४मध्ये सहा बँकांना मिळून चार अब्ज डॉलरहून जास्त दंड झाला.

या बाजाराला फसवणुकीइतकीच भीती वेळेची आहे. २६ जून १९७४ रोजी जर्मन अधिकाऱ्यांनी कोलोनची हेरस्टाट बँक बंद केली. जर्मनीत कामकाज संपलं होतं, न्यूयॉर्कमध्ये नुकतं सुरू होत होतं. ज्यांनी हेरस्टाटला सकाळी मार्क मोजले होते, त्यांना बदल्यात मिळायचे डॉलर मिळालेच नाहीत. हा धोका टाळण्यासाठी आज जगभरात मध्यस्थ संस्था आहेत. भारतात ते काम दादरच्या एस. के. बोले मार्गावरची ‘क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया’ करते. बँकांमधल्या डॉलर-रुपयाच्या सौद्यात ती दोघांच्या मध्ये उभी राहते आणि देण्याघेण्याची हमी घेते. दादरच्या गर्दीत त्या इमारतीवरून जाणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना याची कल्पना असेल.

भाव हलतो तो मागणी-पुरवठ्याने, हे तर झालंच. पण मागणी कुणाची? महिनाअखेरीस कच्च्या तेलाची बिलं भागवायला तेल कंपन्या डॉलर घेतात. चर्चगेटची हिंदुस्तान पेट्रोलियम आणि बॅलार्ड इस्टेटची भारत पेट्रोलियम यांची मागणी आली की बाजाराला जाणवते. सोन्याचे आयातदार, परदेशी कर्ज फेडणाऱ्या कंपन्या, शेअर विकून पैसे घरी नेणारे परदेशी गुंतवणूकदार हेही डॉलर घेणारेच. समोरच्या बाजूला हिंजवडीपासून बंगळुरूपर्यंतच्या सॉफ्टवेअर कंपन्या, इतर निर्यातदार आणि आखातातून किंवा अमेरिकेतून घरी पैसे पाठवणारे लोक.

पण जगाच्या उलाढालीतला मोठा भाग या खरेदी-विक्रीचा नसतोच. तो असतो स्वॅपचा: आज डॉलर घ्यायचे आणि ठरल्या तारखेला, ठरल्या भावाने परत द्यायचे. एका परीने हे तारण ठेवून घेतलेलं उसनं. आणि उसनं म्हटलं की व्याज आलं. पुढच्या तारखेचा भाव, म्हणजे फॉरवर्ड, हा कुणा पंडिताचा अंदाज आहे असा समज फार पसरलेला आहे. तसं नसतं. समजा डॉलर ८८ रुपयांना आहे, भारतात वर्षाचं व्याज ६ टक्के आणि अमेरिकेत ४. आज डॉलर विकून रुपये इथे ठेवले तर जास्त वाढतील. ती वाढ कुणाला फुकट मिळू नये म्हणून वर्षानंतरचा डॉलर साधारण ८९ रुपये ७० पैसे असा सांगितला जातो. वरचे १ रुपया ७० पैसे हा प्रीमियम. डॉलरमध्ये बिल करणाऱ्या निर्यातदाराने आपली येणारी रक्कम अशी आधीच विकून ठेवली, तर भाव पक्का होतो आणि वर प्रीमियमही पदरात पडतो. आयातदाराला तोच प्रीमियम मोजावा लागतो, म्हणून तो टाळाटाळ करतो, आणि रुपया एकदम घसरला की सगळे आयातदार एकाच दिवशी बँकेच्या दारात येतात. मग रुपया आणखी घसरतो.

या सगळ्यात रिझर्व्ह बँक कुठे बसते?

१९९१ साली ती अगदी मध्यभागी होती, कारण भाव तीच ठरवत असे. आखाती युद्धाने तेल महागलं होतं, अनिवासी भारतीय ठेवी काढून घेत होते, आणि गंगाजळीत काही आठवड्यांच्या आयातीपुरतंच परकीय चलन उरलं होतं. १ जुलैला रुपयाचं अवमूल्यन झालं. ती पहिली पायरी. दुसरी ३ जुलैला ठरली होती. पंतप्रधान नरसिंह राव यांचं मन मधल्या काळात डळमळलं आणि अर्थमंत्री मनमोहन सिंग यांनी त्या सकाळी डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांना फोन करून दुसरी पायरी थांबवता येईल का, असं विचारलं. उशीर झाला होता. नवा दर जाहीर होऊन गेला होता. दोन पायऱ्या मिळून डॉलर सुमारे २१ रुपयांवरून सुमारे २६ वर गेला. त्याच महिन्यात ४७ टन सोनं तारण म्हणून बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे गेलं. देशाची लाज निघाली, अशी तेव्हाची भावना होती. सोनं गेलं याचं दुःख खरं; पण वर्षानुवर्षं खोटा भाव धरून ठेवण्याची किंमत ती होती, हेही तेवढंच खरं.

त्यानंतर दर बाजाराच्या हाती गेला. १९९२ साली अर्धवट: निर्यातदाराच्या डॉलरपैकी ४० टक्के सरकारी दराने, ६० टक्के बाजारभावाने. मार्च १९९३पासून एकच, बाजाराचा दर. तेव्हापासून रिझर्व्ह बँकेची अधिकृत भूमिका अशी आहे की, ती कुठलाही ठरावीक आकडा राखत नाही, फक्त फार उसळ्या येऊ देत नाही. डीलर मंडळी हे ऐकून मिश्कील हसतात. एखाद्या दिवशी सरकारी बँका एकाएकी मोठ्या प्रमाणावर डॉलर विकू लागल्या, की त्यांच्या मागे कोण आहे हे ते ओळखतात. रिझर्व्ह बँक बोलत नाही. तिने किती डॉलर घेतले-विकले याचे आकडे तिच्या मासिक बुलेटिनमध्ये दोनेक महिन्यांनी छापून येतात.

डॉलर विकला की तेवढे रुपये व्यवस्थेतून रिझर्व्ह बँकेत परत जातात आणि बँकांना रोकड कमी पडू लागते. म्हणून ती कधी कधी उलट दिशेने स्वॅप करते. २०२५च्या जानेवारीअखेर पाच अब्ज आणि फेब्रुवारीअखेर दहा अब्ज डॉलरचे असे स्वॅप तिने केले. शिवाय विक्रीत नफाही होतो, कारण विकलेले डॉलर कित्येक वर्षांपूर्वी स्वस्तात घेतलेले असतात. २०२४-२५ या वर्षासाठी तिने केंद्र सरकारला सुमारे २ लाख ६९ हजार कोटी रुपये दिले, त्याला या नफ्याचाही हातभार होता.

तिची खरी परीक्षा झाली २०१३ साली. २२ मे रोजी अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष बेन बर्नान्के यांनी रोखेखरेदी हळूहळू कमी करण्याची शक्यता बोलून दाखवली. निर्णय नव्हे, नुसती शक्यता. पैसा भारतातून बाहेर पडू लागला, आणि साधारण ५५ रुपयांचा डॉलर २८ ऑगस्टला ६८ रुपयांच्याही वर गेला. त्या दिवशी तेल कंपन्यांना बाजारात न पाठवता रिझर्व्ह बँकेने त्यांना स्वतःच डॉलर द्यायचं ठरवलं. पाठोपाठ ४ सप्टेंबरला रघुराम राजन गव्हर्नर झाले. अनिवासींच्या डॉलर ठेवी आणणाऱ्या बँकांना त्यांनी सवलतीच्या दरात स्वॅप देऊ केला, आणि नोव्हेंबरअखेरपर्यंत त्या आणि अशाच दुसऱ्या खिडकीतून मिळून सुमारे ३४ अब्ज डॉलर आले.

मुंबईत साडेतीनला बाजार मिटतो, पण रुपयाचा व्यवहार थांबत नाही. सिंगापूर, दुबई, लंडन, न्यूयॉर्क इथे त्याचे ‘एनडीएफ’ नावाचे सौदे होतात. त्यांत रुपया हातात येतच नाही. ठरलेला भाव आणि त्या दिवशीचा भाव यांतला फरक डॉलरमध्ये चुकता करतात. २०१९च्या जागतिक मोजणीत लंडनमधली रुपयाची रोजची उलाढाल ४६.८ अब्ज डॉलर निघाली आणि भारतातली ३४.५ अब्ज. आपल्या चलनाचा मोठा बाजार आपल्या देशाबाहेर! रिझर्व्ह बँकेने उषा थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि जून २०२०पासून भारतीय बँकांनाही ठरावीक शाखांमार्फत त्या बाजारात उतरायला परवानगी मिळाली. न उतरता नुसतं बघत बसणं परवडणारं नव्हतं.

आता राहिला तो मोबाइलवरचा ‘फॉरेक्स ट्रेडिंग’चा धंदा. जाहिरातीतला तरुण लॅपटॉप उघडतो, मागे समुद्र असतो. तो जे करतो त्याचा वर सांगितलेल्या बँकांच्या बाजाराशी संबंध जेमतेम. थोडी रक्कम भरून त्याच्या तीसपट, शंभरपट सौदा करायचा आणि समोर बहुधा ती कंपनीच असते. युरोपच्या रोखे बाजार नियामकाने २०१८ साली अशा खात्यांची तपासणी मांडली, तेव्हा ७४ ते ८९ टक्के किरकोळ खाती तोट्यात होती. १५ जानेवारी २०१५ रोजी स्विस नॅशनल बँकेने युरोला १.२० फ्रँकची धरून ठेवलेली मर्यादा अचानक सोडली. काही मिनिटांत फ्रँक ३० टक्क्यांच्या आसपास उसळला, खातेदारांचे भरलेले पैसे तर गेलेच, वर देणं निघालं. लंडनची अल्पारी यूके बुडाली आणि अमेरिकेच्या एफएक्ससीएमला तगून राहायला ३० कोटी डॉलरचं कर्ज घ्यावं लागलं.

भारतात राहणाऱ्याला परदेशी संकेतस्थळावर अशा सट्ट्यासाठी पैसे पाठवायला ‘फेमा’ कायद्याखाली मनाईच आहे. परवानगी नसलेल्या अशा कंपन्यांची यादी रिझर्व्ह बँक सप्टेंबर २०२२पासून प्रसिद्ध करते आणि ती लांबतच चालली आहे. त्यातल्या काहींची नावं लोकांनी खेळाडूंच्या जर्सीवर पाहिलेली असतात. देशातल्या मान्यताप्राप्त एक्स्चेंजवर चलनाचे वायदे ऑगस्ट २००८पासून आहेत. पण मे २०२४पासून तिथेही नियम स्पष्ट झाला: ज्याला खरोखर परकीय चलनाचं देणं-घेणं आहे, त्यानेच रुपयाचा वायदा करावा. दहा कोटी डॉलरपर्यंत कागद दाखवावे लागत नाहीत, पण व्यवहार खरा असलाच पाहिजे. नुसते भावावर खेळणारे त्या वेळी बाहेर पडले आणि एक्स्चेंजवरची उलाढाल कोसळली. बँकांमधल्या डॉलर-रुपयाच्या बाजाराला मात्र त्याने फारसा फरक पडला नाही.