रवी शंकरन यांच्या नावाची शिष्यवृत्ती

माळरानावरचा तणमोर आणि अंदमान-निकोबारच्या गुहांत लाळेची घरटी बांधणाऱ्या पाकोळ्या यांचा अभ्यास करणारे पक्षितज्ज्ञ डॉ. रवी शंकरन २००९ मध्ये अकाली गेले. तेव्हा ते कोइम्बतूरच्या सालिम अली पक्षिविज्ञान केंद्राचे संचालक होते. इनलॅक्स शिवदासानी फाउंडेशनने त्यांच्या स्मरणार्थ सुरू केलेली शिष्यवृत्ती परिसंस्था व वन्यजीव संवर्धन शिकू पाहणाऱ्या तरुण भारतीयांना परदेशी पदव्युत्तर शिक्षणासाठी मदत करते.

अशा शिष्यवृत्त्यांची जीवशास्त्राला फार गरज आहे. रानातल्या अभ्यासाला प्रवास, दुर्बीण, महिनोन्‌महिन्यांचा मुक्काम लागतो. हा खर्च बेताच्या परिस्थितीतल्या विद्यार्थ्याला झेपत नाही. अर्ज करताना केवळ गुणपत्रिकेवर विसंबू नका. कोणत्या जीवाचा, कुठे आणि कशासाठी अभ्यास करायचा आहे, हे नेमकेपणाने लिहा. प्राध्यापकांचे शिफारसपत्रही वेळेत मागून घ्या.