‘स्वामी’ वाचून बायका काय म्हणतात?

मैत्रिणींनो, रणजित देसाईंची ‘स्वामी’ कादंबरी १९६२ साली आली आणि १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आमच्या चिंचवडच्या भिशीत ती अजून हातोहात फिरते. मात्र सगळ्यांचं मत एक नाही, बरं का!

निगडीच्या काकू म्हणाल्या, “माधवराव एवढे करारी, पण रमाबाईंशी किती हळुवार बोलतात! आमच्या ह्यांना वाचायला द्यायला हवी.” एका नव्या सूनबाईंच्या यजमानांना चाकणच्या कारखान्यात रात्रपाळी असते. त्या म्हणाल्या, “स्वारीवर गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणारी रमा मला अगदी जवळची वाटली.”

खरा वाद रंगला तो शेवटावरून. १७६१ साली, १६व्या वर्षी पेशवे झालेले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला क्षयाने गेले. वय अवघं २७! रमाबाई सती गेल्या. “केवढं हे प्रेम!” म्हणत काकूंनी डोळे पुसले. शेजारच्या बाई मात्र फणकारल्या, “प्रेम सिद्ध करायला बाईनंच का मरायचं?”

मला दोघींचंही पटतं. नवराबायकोतले संवाद लेखकाच्या कल्पनेतले आहेत, पण सती जाणं इतिहासात घडलेलं आहे. म्हणून वाचताना रडू आलं तर खुशाल रडावं. त्या चितेचे गोडवे मात्र गाऊ नयेत. सतीचं उदात्तीकरण १९८७च्या कायद्यानं गुन्हाच ठरवलं आहे. लेकीच्या हाती ‘स्वामी’ जरूर द्या, आणि शेवटचं पान झालं की तिच्याशी चार शब्द बोला.