लेक तालमीत, आई वजनकाट्यावर

मुलगी चौदा-पंधरा वर्षांची झाली की तिनं नाच शिकावा, फार तर खो-खो खेळावा, इथवर आपल्या मनाची तयारी असते. पण तीच शाळेतून येऊन दप्तर टाकते आणि म्हणते, "आई, मला कुस्ती शिकायचीय!" मग मात्र हातातलं लाटणं हातातच राहतं.

खरं म्हणजे आपल्या भागाला कुस्तीचं काय नवल? वरकुटे घ्या, नाहीतर इंदापूर-बारामतीकडचं दुसरं कुठलंही गाव घ्या, जत्रा म्हटली की कुस्त्यांचा फड आलाच. रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्यांनी सुरुवात आणि मोठ्या इनामाच्या कुस्तीनं शेवट. बायकांनी मात्र तो बघायचा लांबून, कुणाच्या तरी माळवदावरून. आता लेकच लंगोटवाल्यांच्या खेळात उतरते म्हटल्यावर सासूबाईंच्या कपाळाला आठ्या पडणार आणि शेजारीण "हिचं पुढं लग्न कसं जमायचं गं?" असं विचारणार, हे धरूनच चाला. त्यांना सांगायला तुमच्याकडे पुष्कळ आहे. १९५०च्या दशकात हमीदा बानू पुरुष मल्लांशी जाहीर कुस्त्या लढत होती. २००४ साली अथेन्सला बायकांची कुस्ती ऑलिंपिकमध्ये आली, २०१६ साली रिओला साक्षी मलिकनं कांस्यपदक मिळवलं. आणि फार लांब कशाला, मार्च २०२३ मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, ती गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं उचलली.

परवानगी दिली, तालीम बघितली, शिकवणारे कोण आहेत, कपडे बदलायला मुलींची वेगळी खोली आहे का, मॅट रोज पुसतात का (नाहीतर गजकर्ण घरभर फिरतं), हे सगळं विचारून झालं. आता तुमचं खरं काम स्वयंपाकघरात सुरू होतं. आणि बहुतेक घरांत गडबड तिथंच होते.

कुस्ती म्हटली की घरातल्या जुन्या माणसांना एकच खुराक ठाऊक: म्हशीचं दूध, तूप, बदामाची थंडाई. मग लिटरभर दूध आटवलं जातं, डिंकाचे लाडू वळले जातात. पण तो खुराक हजार जोर-बैठका मारणाऱ्या गड्यांचा होता. शेहेचाळीस किलोच्या पोरीला तो संपत नाही. अर्धा लाडू ताटात राहतो, पेल्याच्या तळाशी दूध राहतं, तूप लावलेली दीड पोळी राहते. अन्न टाकायचं नाही हे आपल्या हाडीमासी भिनलेलं. ओटा आवरता आवरता ते सगळं कुणाच्या पोटात जातं, हे सांगायला हवं का? चार महिन्यांनी लेक तशीच सडसडीत आणि ब्लाउजची शिवण उसवायची वेळ आईवर!

हिशेब करून बघा. तेवढ्या उरल्यासुरल्याचे चारशेच्या आसपास उष्मांक सहज होतात. तासभर झपाझप चाललं तरी तेवढे जळत नाहीत. त्यात दिवसाचे पाच कप चहा, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे आणखी दोनशे. आपण म्हणतो, "मी तर काही खातच नाही!" ताटात बसून नाही खात, हे खरं. म्हणून पहिली गोष्ट ही की तिला थोडं थोडं वाढा, हवं तर दोनदा वाढा. आणि उरलं तर फडताळात झाकून ठेवा, संध्याकाळी तालमीतून आल्यावर तीच खाईल. तुमचं पोट म्हणजे उरलेल्याचा डबा नव्हे.

पण म्हणून "आजपासून मी रात्रीची जेवणार नाही" अशी घोषणा लेकीसमोर करू नका. इथं जरा थांबून सांगते, कारण हे महत्त्वाचं आहे. कुस्ती हा वजनाच्या गटांचा खेळ. सतरा वर्षांखालच्या मुलींचे ४०, ४३, ४६, ४९, ५३ किलो असे गट चढत जातात. खालच्या गटात सोपं जाईल म्हणून दोन-तीन किलो उतरवायचा मोह पोरींनाच काय, कधी कधी शिकवणाऱ्यांनाही होतो. मग पाणी तोडायचं, जाड कपडे घालून पळायचं, उपाशी झोपायचं. विनेश फोगाटचं काय झालं ते आठवतं ना? ऑगस्ट २०२४, पॅरिस. एका दिवसात तीन कुस्त्या जिंकून ती अंतिम फेरीत गेली, रात्रभर वजन उतरवत राहिली, आणि सकाळी काट्यावर शंभर ग्रॅम जास्त भरले. अर्ध्या वाटीचं पाणी! तिच्याभोवती डॉक्टर तरी होते. तुमच्या पोरीजवळ घरात तुम्हीच.

वाढत्या वयात पोटाला कमी आणि मेहनत जास्त झाली की आधी पाळी चुकते, मग हाडं कमजोर होतात. हाडांची साठवण करायचं वय हेच. लागोपाठ तीन महिने पाळी आली नाही तर "खेळामुळं होतं तसं" म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरीणबाईंना दाखवा. रक्तही तपासून घ्या. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय पाहणीत पंधरा ते एकोणीस वयाच्या शंभरातल्या एकोणसाठ मुलींच्या अंगात रक्त कमी निघालं. अशा पोरीसमोर आई रोज आरशात बघून "किती सुटलेय मी!" म्हणायला लागली, तर ती काय शिकेल?

तेव्हा भांडं एक, ताटं दोन. मटकीची उसळ, घट्ट वरण, अंडी, दही हे दोघींना. भिगवणच्या बाजारातून उजनीची चिलापी किंवा रोहू आणलात तर कालवण करा, तळू नका, तेही दोघींना. मेहनत करणाऱ्या पन्नास किलोच्या मुलीला दिवसाला साठ ग्रॅमच्या पुढंच प्रथिनं लागतात, तुम्हाला पन्नासच्या आसपास पुरतात. तिच्या ताटात वरून आणखी एक भाकरी, तूप, केळं, शेंगदाण्याचा लाडू. तुमच्या ताटात त्या जागी पालेभाजी, काकडी, कोशिंबीर. पालेभाजी लोखंडी कढईत करा, वर लिंबू पिळा, आणि जेवणाला लागून चहा नको, म्हणजे लोह अंगी लागतं. हे तुम्हालाही लागू आहे बरं का.

तिचा सराव चालतो तो दीड तास बाकावर बसून भजी खात काढू नका. तालमीभोवती फेऱ्या मारा, सोबत दुसरीची आई असेलच. वजनकाटा कपाटाखाली सरकवून ठेवा; स्वतःचं वजन आठवड्यातून एकदा, एकाच वेळी बघा. शिंप्याची टेप त्याहून खरं बोलते: कंबर ऐंशी सेंटीमीटरच्या आत आणायची. महिन्याला किलोभर उतरलं तरी उत्तम.

स्पर्धेच्या दिवशी वजन सकाळी होतं. ते झाल्याबरोबर तिला खायला लागेल, म्हणून तिच्या डब्यात केळी, गूळपोळी, उकडलेले बटाटे आणि मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी द्या. आणि स्वतःचा भाजी-भाकरीचा डबा वेगळा बांधायला विसरू नका, नाहीतर कुस्ती बघता बघता तिची गूळपोळी तुम्हीच संपवाल.